किसाची मशीन

आमचे घरमालक दाराची कडी कधीच वाजवत नसत. दारावर बोटाच्या पेरानं एक टिचकी मारायची, कान लावून ऐकायचं, जरा खाली सरकून दुसरी मारायची, पुन्हा ऐकायचं, असा त्यांचा रिवाज होता. आतून मी "कोण आहे?" म्हटलं, की बाहेरून दबका आवाज यायचा, "तू थांब वं जराशी. दार बोलून राह्यलं."

दाराचं बोलून झालं की मग माझी पाळी.

जन्मभर त्यांनी वर्ध्याच्या बाजारात भांडी विकली. गंज, गुंड, पराती, डबे. टिचकी मारून भांड्याला कुठं चीर गेली आहे ते सांगण्यात त्यांची हयात गेली. पुढे मुलांनी दुकान हातात घेतलं आणि यांच्यापाशी नुसती टिचकी उरली. ती कुठंतरी मारायला तर हवीच. मी आर्वीची. वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले, तेव्हा बोरगाव मेघेत त्यांच्या घराच्या मागच्या अंगणातली खोली भाड्यानं घेतली. सारी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. त्यांच्या बायकोला काकू. काकूंच्या बाबतीत मी निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून टाकते. त्यांच्या हातचा आलूचा कीस मी कित्येक उपासांना खाल्ला आहे, आणि खाल्ल्या अन्नाला जागायची आमच्याकडे पद्धत आहे.

काकाजींना दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. पहिली म्हणजे, "लेकीच्या घरचं आपुन पानीसुद्धा पेत नाई." हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत. त्यांच्या लेकीचं सासर हिंगणघाटचं. तिकडे जायचं झालं तर पाण्याची बाटली घरून नेत, आणि परत आल्यावर उरलेलं पाणी ओट्यावर बसून, चार लोकांसमोर पिऊन दाखवत. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची मशीन.

मशीन म्हणजे लाकूड तासायचा रंधा. सुतार दोन्ही हातांनी रेटतो तो लाकडी रंधा नव्हे. हा बॅटरीवर चालणारा, वायर नसलेला, जेमतेम इस्त्रीएवढा. पोटाशी गरगर फिरणारं पातं, वर मूठ, मुठीत बटण. बटण दाबून फळीवरून फिरवला की घोंऽऽ करत बाजूच्या तोंडातून लाकडाचा कीस भसाभस बाहेर पडायचा. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. वायरचे रंधे एखाद्या सुताराकडे दिसत, पण बिनवायरचा साऱ्या बोरगावात एकच, आणि तो सुताराकडे नव्हता, भांडेवाल्याकडे होता.

तो आला कसा, ते मला काकूंनी सांगितलं. दर उन्हाळ्यात काकू वाळवणं घालायच्या आणि त्यात आलूचा कीस पोतंभर. पितळेच्या किसणीवर घासून घासून त्यांच्या बोटांची सालं निघायची. लेक-जावई तेव्हा मस्कतला होते. रविवारी त्यांचा फोन यायचा.

"मी जवायाले म्हनलं," काकू सांगत होत्या, "तिकडं किसाची मशीन भेटते का हो? माहे बोटं सोलून निघते. ते म्हने, कायचा कीस, मामी? तेवढ्यात हे मांगून वरडले, अवं, दूध उतू चाललं! मी फोन ह्यायच्या हातात देल्ला न् पळाली. जाऊन पाहतो तं दूध थंड. ह्यायले असे भास होते बापा आजकाल."

वयोमानानं माणसाला भास होतात अशी काकूंची समजूत होती. माझीही तीच झाली.

मस्कतहून सुटीवर आलेल्या कुणाबरोबर खोकं आलं, तेव्हा मी हजर होते. काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. उघडलं आणि आतली वस्तू बघून म्हणाल्या, "अगं बाई, इस्तरी धाडली का?"

काकाजींनी ती हातात घेतली. उलटी केली. पात्यावर एक टिचकी मारली. खोक्यावर एक गोरा माणूस फळी तासतानाचं चित्र होतं, ते डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि कुणी गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाले, "जवाई चुकले."

"म्हंजे?"

"हा लाकडाचा रंदा हाये. तू कीस म्हनलं, त्यायनं लाकडाचा समजला." मग बोट वर करून, "पन त्यायले सांगाचं नाई! जवायाची चूक काढनं म्हंजे आपल्या लेकीले खाली पाहा लावनं हाये. मरेपर्यंत सांगाचं नाई."

"मंग आता कसं करता?"

"कसं करतो! आली घरात तं वापरा लागन कोनाले तरी. मीच पाहतो."

एवढा मोठा त्याग इतक्या चटकन करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला देवघराच्या दाराचा कीस पडत होता.

मशीन चालवायचा त्यांचा एक थाट होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा त्यांनी जपून ठेवला होता, तो डोळ्यांवर. नाकावर रुमाल. डोक्यावर काकूंचा जुना स्कार्फ. असे ते लोकांची दारं तासायला स्कूटरवरून निघाले की सेलूकडून येणाऱ्या भाजीवाल्या बाया हंडा-पाटी सावरून बाजूला उभ्या राहत. तासून झालं की चष्मा कपाळावर सरकवायचा आणि दाराला गाल लावायचा. गुळगुळीत झालंय की नाही हे हाताला कळत नाही, गालालाच कळतं, असं त्यांचं म्हणणं. एकदा पलीकडच्या घरच्यांना न सांगता त्यांनी त्यांच्या न्हाणीघराच्या दाराला गाल लावला. आत सूनबाई होत्या. तो तंटा मिटवायला काकूंना दोन डबे कीस द्यावा लागला.

लोडशेडिंगचे ते दिवस. आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी यायची, बसते न बसते तोच निघायची. आली रे आली की काकाजी फ्रिजचा प्लग उपसून मशीनची बॅटरी लावायचे. काकूंनी दही नासल्याची तक्रार केली तर म्हणायचे, "जेवनाऱ्याले उठवत नसते. जेवून राह्यली ती." आणि वीज गेली, सारा मोहल्ला पंखा बंद पडल्यानं ओट्यांवर येऊन बसला, की मग कुठूनतरी घोंऽऽ सुरू व्हायचं. साऱ्या गल्लीत चालू असलेली ती एकच मशीन, आणि तिच्यामागे तो एकच मनुष्य, घामानं निथळत, परमसुखात.

पावसाळ्यात दारं फुगतात, हे काकाजींना माहीत होतं. उन्हाळ्यात तीच दारं आक्रसतात, हे त्यांना मान्य नव्हतं. माझ्या पहिल्या पावसाळ्यात खोलीचं दार असं फसलं की मी आत कोंडले गेले. काकाजी धावून आले. खिडकीतून मला धीर दिला, खांद्यानं दार ढकलून उघडलं आणि कडेनं तासलं. दार लोण्यासारखं लागायला लागलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तासलं. मग वैशाख आला. दार आणि चौकट यांच्यामध्ये एवढी फट पडली की गरम वारा, धूळ आणि शेजारची मांजर, तिघांचीही सोय झाली. मी बोलावून दाखवलं. काकाजींनी टिचकी मारली, ऐकलं, चौकटीलाही एक मारली.

"दार बराबर हाये," ते म्हणाले. "चौकट मोठी झाली."

गल्लीतल्या सगळ्याच चौकटी मोठ्या झाल्या होत्या. लोक उन्हाळ्यात फटींना चिंध्या लावत आणि पावसाळ्यात पुन्हा काकाजींनाच बोलावत. फुकट येणाऱ्या माणसाला नाही म्हणणं आमच्याकडच्या लोकांच्या जिवावर येतं.

रविवारचे फोन चालूच होते. काकू गुपित इमानानं पाळत. मी त्यांच्या ओसरीत वह्या तपासत बसलेली असायची, त्यामुळे एका बाजूचं बोलणं पाठच झालं होतं. "हो जवाई, लय मस्त कीस पडते! ... एकदम बारीक. ... हे? हे तं हातातून सोडतच नाई." फोन ठेवला की काकू सुस्कारा टाकायच्या आणि म्हणायच्या, "खोटं बोलाचं पाप लागते वं. पन लेकीसाठी लागलं तं लागो." आणि पदर खोचून किसणीवर बसायच्या.

मला राग यायचा तो इथं. मशीन काकूंच्या नावानं आली, आणि काकूंची बोटं तशीच सोलत होती. दर फाल्गुनात काकू एकदा विचारायच्या, "एकडाव धुऊन, आलू लावून पाहू का मशीनले?" आणि काकाजी मशीन छातीशी धरून म्हणायचे, "पातं गंजून जाईन! येडी झाली का?" मी एकदा न राहवून म्हटलं, "काकाजी, मशीन खरी कोणाची आहे?" तर टिचकी मारायला आजूबाजूला लाकूड शोधायला लागले.

मग धोंड्याचा महिना आला. अधिक महिना तीन वर्षांनी येतो आणि त्यात जावई विष्णूच्या ठिकाणी. त्याला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, अनारशांचं वाण द्यायचं. त्या वर्षी तो ऐन उन्हाळ्यात आला होता आणि जावईही सुटीवर येत होते. काकू हरखल्या. काकाजी मात्र हरखले नाहीत.

"एवढ्या उन्हात कायले बोलावतं त्यायले?" ते म्हणाले. "पुढच्या धोंड्याले बोलावू."

"तीन वर्सानं?"

"तवा ऊन कमी असन."

काकूंनी ऐकलं नाही. पण धास्ती त्यांनाही होतीच. जावयांनी मशीनचा कीस खायला मागितला तर? एवढी वर्षं फोनवर कौतुक केलेलं. आपण धाडलेली वस्तू सासूच्या कामाची नव्हतीच, हे सगळ्यांसमोर कळलं तर त्यांना काय वाटेल, आणि लेकीनं कुठं बघावं? काकूंनी आठवडाभर आधी हातानं आलू किसले, एकसारखे, रेशमासारखे बारीक, गच्चीवर कडक वाळवले आणि त्याचा चिवडा केला. माझ्याकडून वचन घेतलं. "तू पन मशीनचाच म्हनजो. मास्तरीन हाये तू, तुह्या बोलन्यावर इस्वास बसते." मी म्हणायचं कबूल केलं. काकूंच्या बोटाला पट्टी होती, ती त्यांनी जेवणाआधी काढून टाकायची असंही ठरलं.

काकाजींनी घाबरण्याच्या भरात एक पाट करायला घेतला. जावयाला स्वतःच्या हातच्या सागवानी पाटावर बसवायचं! पाट झाला, खालच्या दोन्ही पट्ट्या ठोकल्या, जमिनीवर ठेवला आणि तो डुगडुगला. डावी पट्टी तासली. आता दुसरीकडून डुगडुगला. उजवी तासली. बॅटरी संपली, वीज नव्हती, "ती जेवली का पाहतो" करत संध्याकाळ झाली. जावई यायच्या सकाळपर्यंत दोन्ही पट्ट्या तासून तासून नाहीशा झाल्या होत्या आणि पाटाची फळी जमिनीला टेकली होती. आता मात्र ती मुळीच डुगडुगत नव्हती. "पाह्य," काकाजी मला म्हणाले, "जमलं."

जेवणाला जावई त्या फळीवर बसले. बाकीच्यांना साधे पाट होते, त्यामुळे विष्णूचं ठिकाण सगळ्यांहून चार बोटं खाली गेलं. जावई स्वभावानं मोठा भला माणूस. फळीवरून हात फिरवून म्हणाले, "वा मामाजी! काय साफ तासली! मशीनचं सोनं केलं तुमी."

काकाजी एकदम म्हणाले, "धोंडा घ्या, जवाई. तूप घ्या."

काकूंनी त्यातला मशीन हा एकच शब्द ऐकला. वाटलं, विषय निघालाच आहे तर आपण होऊन वाढून मोकळं व्हावं. त्यांनी चिवड्याचा डबा उघडला, जावयांच्या ताटात मूठभर वाढला, आणि माझ्याकडे एक नजर टाकून ठसक्यात म्हणाल्या, "हा मशीनचा कीस हाये बरं का, जवाई!"

जावयांचा घास तोंडात होता. तो तिथंच राहिला. त्यांनी चिवड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी वचनाला जागून मान डोलावली. त्यांनी घास तोंडात एका गालातून दुसऱ्या गालात नेला, जिभेनं चाचपला, आणि फार जपून विचारलं, "मामी... लाकडाच्या मशीनचा?"

"लाकडाच्या?" काकू गडबडल्या. "तुमाले मालूम हाये ती लाकडाची हाये म्हनून?"

"मालूम नसन तं कसं? मीच तं पाह्यून घेतली. तुमी फोनवर म्हनलं का कीस. मी इचारलं, कायचा कीस, तं मामाजीनं फोन घेतला न् सांगितलं, लाकडाचा. बिनवायरचीच पाह्यजे म्हने, इकडं लाइन राहत नाई." जावयांना कशातच काही वावगं वाटत नव्हतं. ते कौतुकानं पुढे म्हणाले, "मी हिले नेहमी म्हनतो, आपली आई किती मोठ्या मनाची. घरात भुसा उडते, तरी फोनवर म्हनते, मस्त कीस पडते!"

काकाजी ताटातल्या धोंड्याकडे टक लावून बघत होते. लेक आईकडे बघत होती. काकूंच्या हातात चिवड्याचा डबा तसाच होता आणि त्या कुठंतरी लांबचं आठवत होत्या. मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं. आवाज चढवला नाही, काही नाही.

"दूध तं थंडच होतं," त्या म्हणाल्या.

काकाजींना उचकी लागली. एक, दुसरी, थांबेनाच. लेक पटकन उठली आणि पाण्याचा पेला त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पेल्याकडे पाहिलं आणि उचकी देत देत नुसतेच बसून राहिले.

"प्या मामाजी," जावई म्हणाले. "हे तुमच्याच घरचं पानी हाये."

दुसऱ्या दिवशी माझ्या दाराची कडी वाजली. टिचकी नाही, सरळ कडी, इतर कुणी वाजवतं तशी. बाहेर काकाजी उभे होते, चष्मा नाही, रुमाल नाही. मशीन काकूंनी कोठीतल्या ट्रंकेत ठेवून कुलूप घातलं होतं आणि किल्ली त्यांच्या कमरेला होती.

"तू सांगून पाह्य ना काकूले," ते म्हणाले. "तुह्यं ऐकते ती."

मी म्हटलं, "काकाजी, सरळ मागितली असती तर जावयांनी नाही म्हटलं नसतं. काकूंचं नाव कशाला पुढं केलं?"

ते पायरीवर बसले. "कसा मांगू? साऱ्या गावाले सांगत फिरलो का लेकीच्या घरचं पानी पेत नाई. ते कोनत्या तोंडानं म्हनू, जवाई, मले खेळनं धाडा?" मग म्हणाले, "जिंदगीभर दुसऱ्यानं घडवलेले भांडे इकले वं पोरी. एक वाटी आपल्या हातानं नाई केली. वाटलं, मराच्या आधी काईतरी आपल्या हातानं गुळगुळीत करून पाहू."

त्यांनी जवळच्या चौकटीला हात लावला, पण टिचकी मारली नाही. माझा राग तिथंच ओसरला. काकूंचा ओसरला नाही, आणि तो ओसरायचं काही कारणही नव्हतं. एवढी वर्षं त्या बाईनं जावयाची न झालेली चूक पोटात घालून खोटं बोलण्याचं पाप डोक्यावर घेतलं होतं. मी रदबदली करायला गेले, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मशीन माही हाये. माह्या नावानं आली. मी पाहीन तिचं काय कराचं ते."

त्या पावसाळ्यात गल्लीतली दारं मनमुराद फुगली. लोकांना खरा सुतार बोलवावा लागला. काकाजी ओट्यावर बसून त्याला सूचना द्यायचे आणि तो ऐकायचा नाही. पुढे माझी बदली आर्वीला झाली. खोली सोडताना काकूंनी मला ती सागवानी फळी दिली. "पोयपाट म्हनून ने. डुगडुगत नाई, तेवढं एक चांगलं हाये तिचं." माझ्या घरी आजही तिच्यावरच पोळ्या लाटल्या जातात.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा वर्ध्याला काम निघालं, म्हणून मी बोरगावात डोकावले. वीज गेलेली होती आणि सारी गल्ली ओट्यांवर. फाटकातूनच ओळखीचा आवाज आला, घोंऽऽ. मला बरं वाटलं. म्हटलं, झाला म्हणायचा समेट.

गच्चीवर नजर गेली. तिथं बांधलेल्या साडीच्या सावलीत काकाजी पितळेच्या किसणीपुढे मांडी घालून बसले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, नाकावर रुमाल, बोटाला पट्टी, समोर उकडलेल्या आलूंची परात. आणि खाली स्वयंपाकघराच्या दाराशी काकू उभ्या होत्या, पदर खोचून, दोन्ही हातांनी मशीन धरून. दाराच्या कडेनं लाकडाचा कीस त्यांच्या पायाशी पडत होता, एकसारखा, रेशमासारखा बारीक. मला पाहून त्यांनी बटण सोडलं, दाराला गाल लावला आणि हसल्या.

"अवं!" गच्चीवरून आवाज आला. "दाबू नको जास्त! लाकूड बोलते, ते ऐकाचं!"

"तुमचं ऐकलं तेवढं पुरे झालं!" काकू वर न बघता ओरडल्या. "दूध पाहा अगुदर, उतू चाललं!"

काकाजींनी किसणी ठेवली, चष्मा सावरला आणि जिन्यावरून धडधडत खाली आले. माझ्या अंगावरून जाताना म्हणाले, "थंड असन. मालूम हाये मले." आणि तसेच धावत स्वयंपाकघरात गेले.